गुणवंत कोणाला म्हणायचे?

गेल्या जून महिन्यात चोर्ला घाट चढून बेळगावला गेलो होतो. घाटात दाट धुके, पुढचा ट्रक दिसेना, अशा स्थितीत रडतखडत बेळगाव गाठले. शहराच्या पश्चिमेला असलेल्या एका खेड्यात दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांचा गुणगौरव सोहळा होता आणि जुन्या स्नेहामुळे मला पाहुणा म्हणून बोलावले होते. आम्हा गोवेकरांना बेळगाव काही परके नाही. आमच्या ताटातली भाजी तिथून येते, आमची लग्नाची खरेदी तिथे होते, आणि पोर्तुगीज अमदानीत आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी मुले मुंबईच्या मॅट्रिकसाठी घाट चढून तिथेच राहिली होती. तेव्हा बोलावणे आले की मी सहसा नाही म्हणत नाही.

समारंभ नेहमीसारखा झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, नारळ, शाल, आणि मग एकेका मुलाचे नाव, त्याचे टक्के आणि टाळ्या. पहिल्या मुलीला सत्त्याण्णव, दुसऱ्याला पंच्याण्णव. मुलांचे आईबाप समोर सतरंजीवर बसले होते. शेतातून थेट आलेली माणसे, अंगावर धुतलेले पण इस्त्री न केलेले कपडे. आपल्या मुलाचे नाव आले की ती जरा ताठ बसत. हे दृश्य पाहिले की डोळे भरून येतात, हे मी मान्य करतो.

मी प्रशस्तिपत्रे वाटत होतो. चौथ्या पाचव्या पत्राला माझे लक्ष नावाकडे गेले. काय सुरेख अक्षर! बोरूने लिहावे तसे जाड बारीक वळण, वेलांट्या उकार अगदी जागच्या जागी. आजकाल प्रशस्तिपत्रावरची नावे छापून येतात किंवा कोणीतरी डॉटपेनने खरडून देतो. म्हणून कार्यक्रम संपल्यावर मी विचारले, “ही नावे कोणी लिहिली?” तेव्हा संयोजकांनी कोपऱ्यात खुर्च्या एकावर एक रचणाऱ्या एका मुलीला हाक मारली. ती पदराला... म्हणजे ओढणीला हात पुसत आली.

“छान अक्षर आहे ग. तू कितवीत?”

“दहावी झाली की हो सर यंदा.”

“मग तुझे प्रशस्तिपत्र कुठे आहे? मी दिलेले आठवत नाही.”

ती हसली. “मला एकाहत्तर पडलेत सर. इथं पंच्याऐंशीच्या वरच्यांनाच बोलवतात.”

ती हे अगदी सहज म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मीच जरा ओशाळलो. नंतर चहा घेताना एक शिक्षक तिच्याविषयी सांगू लागले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जमिनीचा उतारा वाचून दाखवायला हीच लागते. उतारा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, रेशनचा कागद कन्नडमध्ये. ज्यांचे सारे शिक्षण चौथीपर्यंत आणि तेही मराठीत झाले, त्यांना त्यातले अक्षर लागत नाही. पूर्वी अशी माणसे बेळगावला जाऊन एजंटाला पैसे देत. आता संध्याकाळी हिच्या दारात येऊन बसतात. ही वाचते, मराठीत अर्थ सांगते, फॉर्म भरून देते. दहावीच्या वर्षातसुद्धा हे बंद पडले नव्हते. शिक्षक म्हणाले, “तेवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर पंच्याऐंशी तिलाही कठीण नव्हते.”

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ज्या मुलीने सर्वांच्या गुणवत्तेचे दाखले आपल्या हाताने लिहिले, ती आमच्या व्याख्येप्रमाणे गुणवंत नव्हती. मग ही व्याख्या केली कोणी? आणि आपण ती इतक्या निमूटपणे मान्य का केली?

योगायोग असा की त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून माझ्या चुलत भावाचा फोन आला. त्याची मुलगी तिथल्या हायस्कुलात शिकते. तिची ‘नॅशनल ऑनर सोसायटी’साठी निवड झाली म्हणून तो आनंदात होता. मला आधी वाटले, हाही एक गुणगौरव सोहळाच असणार. पण त्याने नियम सांगितले तसे माझे कान टवकारले. मग मी स्वतःही थोडे वाचून काढले.

ही संस्था अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२१ साली स्थापन केली. एडवर्ड राइनिअरसन नावाचे पिट्सबर्गमधल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक त्यात पुढे होते. कॉलेजांत अशा मानाच्या मंडळांची परंपरा त्याहून जुनी. ‘फाय बीटा कॅपा’ तर १७७६ सालचे, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वर्षीचे. हायस्कूलच्या मंडळात प्रवेशाच्या कसोट्या चार: विद्या, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. पैकी विद्या ही पहिली पायरी. आपल्या भाषेत सांगायचे तर साधारण पंच्याऐंशी टक्के, त्यांच्या मोजणीत चारपैकी तीन. एखादी शाळा ही अट वाढवू शकते, कमी करू शकत नाही. पण गंमत पुढे आहे. ही अट पूर्ण केली म्हणून कोणी सभासद होत नाही. फक्त बाकीच्या तीन कसोट्यांसाठी विचारात घेतला जातो. निवड करतात त्या शाळेतले पाच शिक्षक. मुख्याध्यापक ती समिती नेमतात, पण स्वतः त्यात मत देत नाहीत. कसोट्या आधीच लिहून सर्वांना कळवायच्या असतात. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे तो मान मिळाल्यावर काम सुरू होते. सभासदाने सेवा चालू ठेवायची, गुण टिकवायचे, वर्तन टिकवायचे. ते घसरले तर आधी समज दिली जाते, आणि तरी सुधारणा झाली नाही तर बाजू ऐकून घेऊन सभासदत्व काढूनही घेतात.

म्हणजे पहा, आमच्या खेड्यातल्या सोहळ्याची अट आणि त्यांच्या मंडळाची पहिली अट एकच, पंच्याऐंशी! फरक इतकाच की जिथे त्यांचा विचार सुरू होतो तिथे आमचा संपतो.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेचे कौतुक पुरे. मलाही तिथले सारे गोड वाटत नाही, त्याविषयी पुढे लिहितोच. पण आधी आपल्याकडे टक्क्यांना एवढे महत्त्व का आले ते समजून घ्यायला हवे. ते उगाच आलेले नाही.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळात बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मुलाची गुणवत्ता ज्या काट्यावर तोलली जाई, तोच काटा पुण्याच्या आणि मुंबईच्या मुलालाही होता. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ साली सुरू झाली. तिच्यात संस्कृतमध्ये अग्रेसर येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे आणि ती मिळवणाऱ्याचे नाव घरोघर माहीत होई. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि ती शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली, हे आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते. पुढे एस. एस. सी. बोर्ड आले आणि ‘बोर्डात आला’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. खेड्यातल्या, गरीब घरातल्या, कोणताही वशिला नसलेल्या मुलाला ह्या एकाच वाटेने राजमान्यता मिळत असे. जात विचारली जात नव्हती, बापाचे नाव विचारले जात नव्हते, पेपर तपासणाऱ्याला फक्त बैठक क्रमांक दिसत होता. टक्क्यांवरची आपली श्रद्धा इथून आली आहे आणि ती मुळात चुकीची नाही.

१९५६ नंतर सीमाभागात ह्या श्रद्धेला आणखी एक कंगोरा आला. राज्य बदलले, बोर्ड बदलले, सरकारी भाषा बदलली. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ साली आला. त्याने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव तिथेच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने तो उचलून धरला, आणि दोन्ही ठिकाणे जिथे होती तिथेच राहिली. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. ह्या सगळ्या काळात मराठी शाळेतल्या मुलाला एक गोष्ट घरून सांगितली जात होती: तू असे गुण मिळव की कोणाला बोट दाखवता येऊ नये. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाला नव्वदच्या वर गुण पडले की गावाला वाटते, आपण सगळेच पास झालो. तो सत्कार एका मुलाचा नसतो, त्या शाळेचा आणि त्या भाषेचाही असतो. हे लक्षात न घेता बाहेरच्या माणसाने तिथल्या टक्केवारीच्या वेडाला हसू नये.

पण ह्याच ठिकाणी मला खरी अडचण दिसते. सत्कार जर भाषेचा आणि शाळेचा असेल, तर त्याची पात्रता भाषेसाठी आणि शाळेसाठी काय केले ह्यावर का ठरत नाही?

कर्नाटकाच्या दहावीची म्हणजे एस. एस. एल. सी.ची अनेक वर्षे चालत आलेली रचना बघा. एकूण गुण ६२५. पहिल्या भाषेला १२५, बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी १००. मराठी माध्यमाचा मुलगा मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा घेतो. म्हणजे ६२५ पैकी ३२५, निम्म्याहून अधिक गुण तीन भाषांचे झाले. त्या तिन्हींच्या लिपी वेगळ्या. कन्नडसंबंधीचा २०१५ चा कायदा आल्यावर तर कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०२४-२५ ह्या वर्षात दहावीला पोचली. सक्तीविषयी माझे मत मी इथे सांगत बसत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की सीमाभागातले साधे एकाहत्तर टक्क्यांचे मूल तीन लिप्या लिहिते, घरी एक बोली बोलते, बाजारात दुसरी, आणि कचेरीत आजोबांचा दुभाषी होते. ही विद्वत्ता गुणपत्रिकेच्या कोणत्या रकान्यात येते?

निपाणीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. निपाणी कर्नाटकात. तंबाखूची पेठ, विड्या वळणाऱ्या बायांचे गाव. गावाला लागून महाराष्ट्राची हद्द. तिथल्या मुलांचे देवचंद कॉलेज आहे ते अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, आणि ते संलग्न आहे शिवाजी विद्यापीठाला. दहावी एका राज्याच्या बोर्डाची, पुढचे शिक्षण दुसऱ्या राज्यात, आणि मध्ये अंतर पायी चालण्याइतके. एका बोर्डात सहाशे पंचवीस, दुसऱ्यात वेगळा हिशेब. टक्के म्हणजे देवाच्या काट्यावरचे वजन असे आपण समजतो, पण इथे रस्ता ओलांडला की काटाच बदलतो! विड्या वळणाऱ्या घरातली मुलगी शाळेतून आल्यावर आईला पाने कापून देते, रात्री अभ्यासाला बसते आणि अडुसष्ट टक्के मिळवते. तिचे अडुसष्ट आणि शिकवणी लावलेल्या व्यापाऱ्याच्या मुलाचे अठ्ठ्याऐंशी, ह्यात मोठे कोण हे मला सांगता येणार नाही. पण छोटे कोण हे आमचे सत्कार दरवर्षी न चुकता सांगतात.

सरकारी कागदांनासुद्धा हे थोडेफार कळते, ह्याचे मला आश्चर्य वाटते. केंद्र सरकारची ‘एन. एम. एम. एस.’ ही शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. तिच्या नावातच गुणवत्ता आणि आर्थिक स्थिती ही दोन्ही एकत्र आहेत. सातवीत पंचावन्न टक्के हवेत, मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतले हवे, घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि आठवीत परीक्षा द्यायची. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांसाठी ही सोय आहे. इथे अट पंचावन्नची आहे, पंच्याऐंशीची नाही. कारण मूल कोणत्या घरातून चालत आले हे विचारात घेतले आहे. तसेच महाराष्ट्रात इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी गावाचा दाखला लागतो आणि मातृभाषा मराठी असल्याचाही लागतो. म्हणजे मंत्रालयातल्या कारकुनालासुद्धा मान्य आहे की ह्या मुलाची पात्रता तोलताना त्याचे गाव आणि त्याची भाषा पारड्यात घालायला हवी. आमच्या गावच्या मंडळाला मात्र फक्त टक्के दिसतात!

आता एक कटू गोष्ट लिहितो. सीमाभागातले माझे मित्र रागावतील, पण ते रागावून पुन्हा चहाला बोलावतात हा अनुभव आहे. अशा सोहळ्यांच्या व्यासपीठावर बसलेल्यांची स्वतःची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकतात, हे एकदा मोजून पाहावे. मी एका समारंभात गमतीने विचारले होते. सात जणांत एकाचेच नातवंड मराठी शाळेत होते. दोष कोणाला द्यायचा? पोटापाण्याचा हिशेब प्रत्येकाला करावा लागतो आणि गोव्यातही आम्ही तेच केले. पण मग खाली सतरंजीवर बसलेल्या शेतकऱ्याला आपण नेमके काय सांगत असतो? तुझी मुलगी मराठीत शिकली म्हणून तिला शाल. आणि तीही पंच्याऐंशीच्या वर गेली तरच. बाकीच्यांनी मराठीत शिकून काय मिळवले, ह्याचे उत्तर आम्ही देत नाही. पुढच्या वर्षी तो शेतकरी धाकट्याला पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत पाठवतो, तेव्हा आम्ही भाषणात त्याला बोल लावतो. ज्या शाळेत शंभरातले आठ दहा गौरवले जातात आणि नव्वदांना आपण कमी आहोत असे समजते, त्या शाळेविषयी गावाला प्रेम वाटावे तरी कसे?

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो मला अगदी रास्त वाटतो. त्या शिक्षकांनीच तो चहाच्या वेळी घेतला होता. ते म्हणाले, “सर, टक्के आहेत म्हणून बरे आहे. सेवा, चारित्र्य, नेतृत्व असले मोजायला गेलो की गावात कोणाचा मुलगा चारित्र्यवान हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात पंचायत तो ठरवणार. एका गटाचा मुलगा घेतला की दुसरा गट सोहळ्याला येणार नाही. टक्क्यावर कोणाला बोलता येत नाही.”

खरे आहे. टक्क्यांनी गरिबाला वाचवले ते ह्याच कारणाने. चारित्र्य हा शब्द आपल्याकडे कोणाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर त्याचा अर्थ काय लावला जाईल ह्या कल्पनेनेच मला भीती वाटते. म्हणून माझे म्हणणे असे की चारित्र्य हा शब्दच वगळावा. काय केले ते विचारावे, कसा आहे ते विचारू नये. काम दिसते, मोजता येते, दहा माणसे त्याची साक्ष देऊ शकतात. उतारा वाचून दाखवला की नाही हे गावातली म्हातारी सांगेल. तिला कोणत्याही गटाचे देणेघेणे नाही.

आणि निवड पुढाऱ्यांनी करू नयेच. अमेरिकेतल्या त्या नियमात मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच, पाच शिक्षक आणि खुद्द मुख्याध्यापकालाही मत नाही. कसोट्या वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहाव्यात. जून महिन्यात मुलाला कळावे की पुढच्या जूनमध्ये आपल्याला काय विचारले जाणार आहे. निकाल लागल्यावर अट ठरवली की त्यात कोणाचे तरी मूल बसवले जाते, हे आपण सगळे जाणतो.

तिथल्या पद्धतीतले दोषही सांगायला हवेत. माझा भाऊच सांगत होता की आता कॉलेजच्या अर्जात लिहायला बरे म्हणून मुले सभासद होतात. सेवेचे तास मोजतात. वाचनालयात दोन तास, अन्नछत्रात तीन तास, वहीत नोंद, सही, झाले. आपली भारतीय कुटुंबे ह्यात विशेष तरबेज आहेत म्हणे! सेवेचाही क्लास लावायला आपण कमी करणार नाही. पन्नास तासांची सेवा आणि तिचे पन्नास गुण असे झाले की टक्केवारी मागच्या दाराने परत आलीच. तेव्हा त्यांची वही उचलून आणण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी दोनच. एक, गुण ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. दुसरी, मान म्हणजे बक्षीस नव्हे, जबाबदारी.

ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण शाल देतो आणि मुलाला निरोप देतो. सत्कार झालेले मूल त्यानंतर गावाला दिसत नाही. ते बेळगावला जाते, पुण्याला जाते, बंगळूरला जाते. जावे, जरूर जावे. पण जाण्यापूर्वी गावाने त्याला एक वर्षाचे एखादे काम का सांगू नये? अकरावीच्या वर्षात खालच्या वर्गातल्या दोन मुलांना गणित शिकव. आजोबांच्या पिढीकडून शेताच्या, पिकाच्या, नात्याच्या शब्दांची एक वही भरून दे. गावच्या साहित्य संमेलनात चार दिवस राब. सीमाभागात ही सोय आयती आहे! कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशी गावे आपापल्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलने भरवतात. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांना जमत नाही ते खेड्यातली माणसे वर्गणी काढून करतात. अशा गावांना ‘गुणवंत’ शब्दाची नवी व्याख्या करणे अवघड का असावे?

माझ्यापुरती मी एक साधी यादी केली आहे. गुणांची अट ठेवावी, पण साठची. तीही अशासाठी की अभ्यास सोडून बाकीचे सगळे करणाऱ्याला आपण उत्तेजन देत नाही हे कळावे. दुसरे, तिन्ही भाषा ज्याला खऱ्या अर्थाने येतात, म्हणजे वाचून दुसऱ्याला समजावून सांगता येतात, त्याची नोंद घ्यावी. कन्नडसुद्धा! कन्नडसक्तीला विरोध आणि कन्नडचे ज्ञान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी म्हातारीला तिच्या जमिनीचा कन्नड कागद वाचून दाखवणारी मुलगी मराठीची जी सेवा करते ती दहा भाषणांनी होत नाही. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी अनेक वर्षांची आहे आणि ती रास्त आहे. पण ती मान्य होईपर्यंत म्हातारीने काय करावे? तिसरे, घरची परिस्थिती विचारात घ्यावी. विड्या वळून, शेतात राबून, धाकट्या भावंडांना सांभाळून शिकणे ही पात्रता आहे, सबब नव्हे. चौथे, माध्यम मराठीच असावे असा हट्ट धरू नये. इंग्रजी शाळेत जाऊनही जे मूल मराठी वाचते, लिहिते, गावच्या वाचनालयात येते, त्याला दार बंद करून आपण कोणाला शिक्षा करतो? त्याच्या बापाने घेतलेल्या निर्णयाची शिक्षा त्याला नको.

एवढे लिहिल्यावर आमच्या गोव्याकडे बघायला हवे, नाहीतर घाटावर जाऊन उपदेश करणारा माणूस ठरेन. १९८७ सालच्या राजभाषा कायद्यानंतर आपण मराठीप्रेमी किती सभा घेतल्या आणि २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाल्यावर किती मोर्चे पाहिले, ते सर्वांना आठवत असेल. ह्या काळात आमच्या वाड्यावाड्यांवरच्या मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी एकापाठोपाठ एक बंद झाल्या. आमच्याही देवस्थानांच्या सभागृहांत, ज्ञातिसंस्थांच्या वर्धापनदिनांना दहावी बारावीच्या मुलांचे सत्कार होतात. नव्वदच्या वर, पंच्याऐंशीच्या वर, आणि ज्ञातीतली मुले कमी पडली तर पंच्याहत्तरच्या वर! नाटकाच्या तालमीत रात्र रात्र संवाद सांगणारा, भजनात पेटी धरणारा, दिंडीत अभंग पाठ म्हणणारा मुलगा साठ टक्के मिळवून सभागृहाच्या दारात वाढप्याचे काम करत असतो. मराठी टिकली तर ती त्याच्या जिभेवर टिकणार आहे, पण शाल त्याच्या वाट्याला येत नाही. बेळगावच्या त्या मुलीचा हा भाऊच म्हणायचा.

मान कोणाला द्यायचा हे ठरवताना समाज आपल्याला काय हवे ते मुलांना सांगत असतो. मुले फार हुशार असतात, भाषण ऐकत नाहीत, अट वाचतात. आपण भाषणात मराठी, संस्कृती, माती असे शब्द वापरले आणि अटीत फक्त आकडा ठेवला, तर ती आकड्याच्याच मागे जातील. त्यात त्यांचा दोष नाही.

निघताना मी त्या संयोजकांना सुचवले की निदान ह्या मुलीला तरी बोलवा, तिच्या अक्षराबद्दल म्हणून. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी लगेच तिला पुढे बोलावले, एक शिल्लक शाल काढली आणि म्हणाले, “एक कोरे प्रशस्तिपत्र आहे, तेही देऊया.” मग आम्हा सर्वांच्या लक्षात आले की त्यावर नाव कोण लिहिणार? तिनेच लिहायचे का? सगळे हसले, तीही हसली. शेवटी ते शिक्षक पुढे झाले, खिशातले पेन काढले आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी तिचे नाव लिहिले. त्या दिवशी मी वाटलेल्या प्रशस्तिपत्रांत सर्वात वाईट अक्षराचे तेच होते. पण कोणाला द्यावे ह्याविषयी माझ्या मनात शंका नव्हती, असे तेच एक.